म्हातारे कुत्रे आणि आपण सज्जन माणसे

कुत्र्याचे पिल्लू हवे आहे का, असे आमच्या बेळगावात कुणा चौघांना विचारून पाहा. दोघे तरी 'कुठल्या जातीचं?' म्हणतील, तिसरा किंमत विचारील आणि चौथा घरी विचारून सांगतो म्हणेल. आता त्याच चौघांना सांगा की अकरा वर्षांची एक गावठी कुत्री आहे, स्वभावाने शांत आहे, घरात घाण करत नाही, लसी टोचलेल्या आहेत, पिल्ले न होण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, एक पैसा द्यायचा नाही. चौघेही एकच प्रश्न विचारतील : 'आणखी किती वर्षं जगेल?'

गेल्या वर्षी चार महिने मी हा प्रश्न ऐकत होतो. टिळकवाडीत ऐकला, शहापुरात ऐकला, अनगोळला ऐकला, खानापूरला एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या तोंडूनसुद्धा ऐकला. विचारणारी सगळी माणसे सज्जन. त्यातली निम्मी पंढरपूरला पायी जाऊन आलेली. म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे. कुणाला राग आला तर येवो.

प्रकरण काय ते आधी सांगतो. काळी नावाची ही कुत्री टिळकवाडीतल्या एका निवृत्त जोडप्याने ऐन आषाढात गटारातून उचलून आणली, तेव्हा ती जेमतेम महिन्याची होती. आमच्याकडचा आषाढातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या गटाराचे वर्णन करून सांगायला नको. अकरा वर्षे ती त्या घरी राहिली. उन्हाळ्यात अंगणात, पावसात व्हरांड्यात आणि थंडीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. मग काकांची बायपास झाली, काकूंचे गुडघे गेले, मुलगा पुण्याहून आला आणि दोघांना घेऊन गेला. घर विकायला काढले. टेम्पोत देवघर चढले, शिसवी कपाट चढले, पाणी तापवायचा पितळी बंबसुद्धा चढला. पुण्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो बंब कोण पेटवणार होते ते देव जाणे, पण तो गेला. काळी राहिली. मुलाचे म्हणणे एकच : 'सोसायटीत चालत नाही, आणि गल्लीतले कुणीतरी बघतीलच.'

आठ दिवस ती कुलूप घातलेल्या फाटकासमोर बसून होती. गल्लीतले बघत होते. म्हणजे नुसते बघतच होते.

काका-काकूंना मी दोष देत नाही. त्या वयात माणूस स्वतःच सामान झालेला असतो, कुठल्या टेम्पोत बसायचे ते दुसरे ठरवतात. पण 'सोसायटीत चालत नाही' हे वाक्य जरा तपासून घेऊ, कारण हे वाक्य आपल्या भागातल्या अनेक म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मुळावर आले आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी घालता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा चालत नसते ते सोसायटीला नव्हे, सुनेला किंवा मुलाला किंवा नव्या सोफ्याला. तसे सरळ सांगावे. नको आहे असे म्हणणाऱ्याशी निदान बोलता तरी येते. नियमाच्या आड लपलेल्या माणसाशी काय बोलणार?

आणि नियमच काढायचा तर दुसराही काढू. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, उपासमारीने किंवा तहानेने जनावराचे हाल होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50. 1960 साली पन्नास रुपयांत महिन्याचा किराणा भरत असेल. आज त्यात पाव किलो कुंदाही येत नाही. अकरा वर्षांची राखण, अकरा वर्षांचे शेपूट हलवणे, आणि ते मोडल्याची किंमत पाव किलो कुंद्यापेक्षा कमी!

'एवढा कळवळा आहे तर तुम्हीच का ठेवून घेत नाही?' हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून विचारला गेला, आणि तो रास्त आहे. उत्तर असे की आमच्या घरी आधीच तीन आहेत आणि त्यातली थोरली दुसऱ्या मादीला उंबरा ओलांडू देत नाही. दोनदा रक्त निघाले. चार महिने काळी मागच्या पडवीत, फळीच्या दारामागे राहिली. तिला जेवण होते, औषध होते, पण दाराच्या फटीतून समोरच्या घरातल्या माणसांकडे बघत बसायचे, याला घर म्हणत नाहीत. म्हणून घर शोधायला निघालो.

मिळालेल्या उत्तरांचा एक वेगळा दिवाळी अंक निघेल. 'आमच्या शेतावर आणून सोडा, उंदीर-घुशी मारेल.' अकरा वर्षांची, मागच्या पायांत संधिवात असलेली कुत्री घुशी मारणार! 'राखणीला चालेल काय? खरं भुंकते का ओ?' 'मुलांची परीक्षा झाल्यावर बघू.' एका सद्गृहस्थांनी गोशाळेचे नाव सुचवले, जणू गाईंनी तिला सांभाळावे. दुसऱ्यांनी पांजरपोळाची आठवण काढली. मुंबईचा पांजरपोळ 1834 मध्ये स्थापन झाला. त्याआधी दोनच वर्षे, 1832 मध्ये, सरकारने भटकी कुत्री मारायला काढली म्हणून मुंबईच्या पारशांनी दंगल केली होती. त्यांनी तेव्हा रस्त्यावर उतरून डोकी फोडून घेतली, आणि त्यांच्या पुण्याईवर आपण आज आपली कुत्री नेऊन टाकावीत, असा हा हिशोब.

गेल्या दोन वर्षांत यात एक नवे उत्तर आले. 'आता कोर्टानेच सांगितलंय की, सगळी कुत्री निवाऱ्यात न्यायची म्हणून.' कुणी काय ऐकले आणि काय सोयीचे ते लक्षात ठेवले, याचा हा नमुना. 11 ऑगस्ट 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता होता. 22 ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला आणि नसबंदी व लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडावीत असे सांगितले, पिसाळलेली आणि हल्ला करणारी तेवढी वगळून. 7 नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांसाठी वेगळा आदेश झाला. या सगळ्यात 'बदली झाली तर आपले कुत्रे सरकारच्या गळ्यात टाका' असे कुठे आहे? रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय करायचे हा प्रश्न वेगळा, आणि घरातल्या कुत्र्याला रस्त्यावरचे करणे हा उद्योग वेगळा.

आणि निवारा असता तरी म्हाताऱ्या कुत्र्याला तो घर नव्हे. सिमेंटची जमीन, दिवसरात्र शंभर कुत्र्यांचा गोंगाट, तरण्या कुत्र्यांची खाण्यासाठी झोंबाझोंबी, आणि ज्याची प्रतिकारशक्ती उतरली आहे त्याला दुसऱ्याचा रोग आधी लागणार. रस्ता तर त्याहून वाईट. रस्त्यावरच्या कुत्र्याला आपली हद्द असते, आपली टोळी असते, कुठल्या हॉटेलच्या मागे रात्री काय मिळते हे त्याला ठाऊक असते. अकरा वर्षे ताटलीत दूधभात खाल्लेल्या कुत्रीला यातले काय माहीत? ती ज्या गल्लीत शिरेल ती दुसऱ्या कुणाची तरी हद्द. सोडणारा घरी जाऊन अंघोळ करतो आणि म्हणतो, 'जगेल ओ, जनावरच आहे.'

इथे एक आक्षेप मी आदराने ऐकतो. कुत्री चावतात, आणि ती बहुतेक करून पायी चालणाऱ्याला, पहाटे पेपर टाकणाऱ्या पोराला, उघड्यावर खेळणाऱ्या लहान मुलाला चावतात. बंगल्यात राहून भूतदयेवर लेख लिहिणाऱ्याला चावत नाहीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. ज्या घराने हे सोसले आहे त्याच्यासमोर मी हात जोडून गप्प बसेन. पण म्हणूनच तर म्हणतो, घरातले कुत्रे घरात राहू द्या. लस टोचलेले, माणसाळलेले कुत्रे भेदरून, उपाशी रस्त्यावर आणून टाकल्याने त्या पेपरवाल्या पोराचे कुठले भले होणार आहे? पुढच्या वर्षी त्याची लस कोण टोचणार? आणि ती मादी असेल, शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर तिच्या पिल्लांचा हिशोब कोण ठेवणार?

आता आपल्या भक्तीकडे वळू. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तर कोरडी खाऊ नकोस म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपल्याकडे कीर्तनात सांगितली की बायका पदराने डोळे पुसतात. कीर्तन संपल्यावर देवळाच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्याला चपलेने कोण हुसकावतो? दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. दत्तजयंतीला त्या तसबिरीला हार घालताना कुत्र्यांनाही हळदकुंकू लावतात आपली माणसे. कागदावरचे कुत्रे म्हातारे होत नाही, त्याच्या तोंडाला वास येत नाही, ही त्याची मोठी सोय. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकावरून 2025 मध्ये केवढा वाद झाला! इतिहास काय आहे तो इतिहासकार ठरवतील. पण दगडाच्या कुत्र्याच्या बाजूने आणि विरुद्ध इतक्या तावातावाने बोलणाऱ्या मंडळींपैकी एखाद्याने तरी त्या महिन्यात एक जिवंत, लंगडणारे कुत्रे घरी नेले असते तर!

धर्मराजाचे उदाहरण मी दिले की लोक हसतात. म्हणतात, तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच होता. अहो, पण ते युधिष्ठिराला कुठे माहीत होते? हस्तिनापुरापासून मागे लागलेले एक कुत्रे, एवढेच त्याला माहीत. इंद्र रथ घेऊन समोर उभा, आत बसायची अट एकच, कुत्रे सोड. तो नाही म्हणाला, तेव्हा त्याच्या हिशोबात ते नुसते कुत्रेच होते. आपण उलटे करतो. आधी धर्म आहे का, लॅब्रेडॉर आहे का, ते बघतो आणि मग रथात घेतो.

जातीचा हा सोस आमच्या भागात तरी शोभत नाही. मुधोळ इथून दोन-तीन तासांवर. घोरपड्यांच्या या जुन्या संस्थानाचे नाव लागलेला मुधोळ हाउंड 2005 मध्ये टपाल तिकिटावर आला, सैन्यातही त्याची चाचणी झाली. त्याचा अभिमान आपण भाषणात बाळगतो आणि घरात मात्र पग आणतो, कारण 2003 मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो एका मुलामागे धावला होता. त्या चपट्या नाकाने त्याला आमच्या मे महिन्यात धड श्वास घेता येत नाही. मग दोन उन्हाळ्यांनंतर तोही 'चांगल्या घरी द्यायचा आहे' होतो. मला अशा पगबद्दलही विचारणा झाली आहे, आणि विचारणाऱ्याने वर सांगितले, 'पंचवीस हजाराचा आहे ओ.' काळीसाठी सांगायला माझ्याकडे असा आकडा नव्हता. होता तो एकच, अकरा.

म्हणून पुन्हा त्या प्रश्नाकडे येतो. किती वर्षं जगेल? हा प्रश्न विचारणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसेच जास्त होती, आणि मला नवल वाटले ते त्याचे. आपल्या गल्ल्या एकदा डोळे उघडून बघा. टिळकवाडी घ्या, हिंदवाडी घ्या. एक मुलगा पुण्याला, मुलगी बंगलोरला, दुसरा मुलगा अमेरिकेत. चार खोल्यांच्या घरात दोन माणसे, किंवा एकच. अंगण आहे, फाटक आहे, दुपारभर वेळ आहे, दोन माणसांचे करताना भात उरतो आहे. हीच माणसे सांगतात, 'आमच्या वयात कुत्रं कुठं पाळायचं? आमच्या माघारी त्याचं कोण बघणार?' पिल्लापुरते हे शंभर टक्के खरे आहे. नीट सांभाळलेले गावठी कुत्रे बारा-चौदा वर्षे जगते, तेव्हा सत्तरीच्या माणसाने पिल्लू आणू नये, असेच मीही म्हणेन. पिल्लाला ओढायला, पळायला, चपला फाडायला तरणे घर लागते. पण अकरा वर्षांच्या कुत्रीला काय लागते? सकाळी शंभर पावले, संध्याकाळी शंभर पावले, दुपारी कुणीतरी घरात असणे, आणि कुणी आले की आधी तिने मान वर करायची. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेला व्यायाम याहून वेगळा आहे का? ज्या कारणासाठी तुम्ही पिल्लू नाकारता, नेमके त्याच कारणासाठी म्हातारे कुत्रे तुमचे आहे. वर्षे थोडी उरली ही तिची उणीव नव्हे. तुमच्या घराला ती मापात बसते!

हे मी तीन घरी बोलून दाखवले. दोघांनी चहा दिला, तिसऱ्यांनी तोही दिला नाही.

आता थोडे आमच्याच गोटातल्यांविषयी, म्हणजे प्राणिप्रेमींविषयी. कारण म्हाताऱ्या कुत्र्याचे सर्वात जास्त नुकसान, सोडणाऱ्याच्या खालोखाल, खोटे बोलून देणारा करतो. मला एका ताईंनी सल्ला दिला, 'सात वर्षांची सांगा, घेतील. एकदा जीव जडला की कोण परत देतंय?' देतात. आठ दिवसांत देतात. तिसऱ्या रात्री कुत्री घरात मुतली, म्हणून देतात, कारण मूत्रपिंड थकल्यामुळे ती पाणी जास्त पिते आणि तिला रात्री बाहेर न्यावे लागते हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. आणि परत आलेले कुत्रे पहिल्यापेक्षा जास्त मोडलेले असते. 'प्रेमळ घर हवे' असे लिहून गोंडस फोटो वाटणे सोपे. प्रेमळ कोण नाही? काळीला फाटकाबाहेर ठेवून गेलेला मुलगासुद्धा जाताना तिच्या डोक्यावर हात फिरवून गेला होता. मला प्रेमळ घर नको होते, रात्री उठणारे घर हवे होते.

म्हणून मी सगळे सांगून टाकत असे. डोळ्यांत निळसर झाक आहे, ती मोतीबिंदू नव्हे, वयाने येते, तिला दिसते, फक्त अंधारात अडखळते. ऐकू कमी येते, तेव्हा मागून येऊन हात लावू नका, जमिनीवर पाय आपटा, तिला हादरा कळतो. मागच्या पायांत संधिवात आहे, पावसाळ्यात वाढतो, गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, तेव्हा तिच्या वाटेवर पोती किंवा सतरंजी घाला. दुखते म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेनसारखी माणसाची गोळी कुत्र्याचे पोट आणि मूत्रपिंड खलास करते. कांद्याचे कालवण नको. सत्यनारायणाचा प्रसाद द्यावासा वाटला तर शिऱ्यातले बेदाणे काढून टाका, द्राक्षे आणि बेदाणे त्यांना विषासारखे. वर्षाला रेबीजची लस, सहा महिन्यांनी रक्ततपासणी. खर्च येतो. पहिल्या वर्षाचा मी देईन.

आणि मग माझे प्रश्न. दुपारी घरात कोण असते? दिवाळीत मुलांकडे जाता तेव्हा किल्ली कुणाकडे असते? रात्री ती कुठे झोपणार, आत की बाहेर? दोघांपैकी कुणाला नको आहे का? उद्या ती उठेनाशी झाली आणि डॉक्टर म्हणाले की आता वेदना थांबत नाहीत, तर शेवटच्या इंजेक्शनाच्या वेळी तिच्यापाशी कोण बसेल? हा प्रश्न ऐकून एक बाई उठून आत गेल्या. मला त्यात काही अशुभ वाटत नाही. उपाय संपलेल्या वेदनेतून सोडवणे ही दया आहे. उपाय असताना कंटाळा आला म्हणून सोडवणे याला दुसरा शब्द आहे. घेणाऱ्याला या दोहोंतला फरक कळतो का, हे देणाऱ्याने आधी बघितले पाहिजे.

घर बदलण्याचीही एक रीत असते, ती कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आधी दोन-चार वेळा नेऊन आणायचे. द्यायच्या दिवशी तिचे जुने पोते न धुता बरोबर द्यायचे, त्या वासात तिचे घर असते. जेवण तेच, वेळ तीच. पहिले तीन-चार दिवस ती फारसे खात नाही, दाराकडे तोंड करून पडते, घाबरून जाऊ नये. निदान महिनाभर अंगणातसुद्धा साखळी किंवा दोरी सोडायची नाही, कारण कुत्रे जुन्या घराच्या दिशेने निघते आणि वाटेत रेल्वेचे फाटक असते, हायवे असतो. आणि दिवाळीच्या तोंडावर कुणी कुत्रे देऊ नये, घेऊ नये. पहिल्या सुतळी बाँबला ते फाटकावरून उडी टाकते. म्हातारे, पाय दुखणारे कुत्रेसुद्धा टाकते.

शेवटी घर मिळाले. वडगावला एक निवृत्त नर्स राहतात, विधवा, मुलगा हुबळीला. कानडी घर. त्यांनी काळीला पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, 'रात्री किती वेळा उठतंय ओ ते?' मी म्हटले, एकदा, कधी दोनदा. 'मला तीनदा उठायला लागतंय,' त्या म्हणाल्या, 'मग त्याचं काय एवढं?' चार महिन्यांत कुणी विचारला नव्हता असा तो प्रश्न होता. किती वर्षं जगेल, हे त्यांनी विचारले नाही. आयुष्यभर म्हाताऱ्यांच्या उशाशी उभे राहिलेल्या बाई त्या, त्यांना तो प्रश्न निरर्थक आहे हे ठाऊक असणार. उलट त्यांनीच मला अट घातली. 'माझं काही झालं तर तुम्ही परत न्यायचं. कागदावर लिहून द्या.' मी लिहून दिले, मराठीत. त्यांनी ते मुलाकडून कानडीत लिहून घेऊन खाली माझी पुन्हा सही घेतली. इतका पक्का व्यवहार मी जमिनीच्या खरेदीतही पाहिला नाही. देणाऱ्याची जबाबदारी कुत्रे दिल्याने संपत नाही, हे त्या कागदात जितके स्वच्छ आहे तितके कुठल्याच कायद्यात मला दिसले नाही.

आणि मग आमच्या लोकांचा फोन सुरू झाला. 'कानडी घरात दिलीत? आपल्यात कुणी मिळालं नाही काय?' ज्या मंडळींनी चार महिने परीक्षा, पाहुणे, सोफा आणि सून यांची नावे सांगितली, त्यांना काळीच्या मातृभाषेची काळजी लागली! त्यांच्या समाधानासाठी सांगतो. काळी अकरा वर्षे बेळगावात राहिलेली कुत्री आहे. काकू तिला 'ये' म्हणत, दूधवाला 'बा' म्हणे, ती दोघांकडे जाई. 'बस' कळते आणि 'कुंड्रु'ही कळते. नव्या घरी तिला 'करी' म्हणतात. काळी काय, करी काय, अर्थ तोच, आणि कानाने कमी ऐकणाऱ्या कुत्रीला दोन्ही नावे सारखीच. घर आपल्यातले की त्यांच्यातले हे तिला कळत नाही आणि या एका बाबतीत तरी ती आपल्यापेक्षा शहाणी आहे असे मी म्हणणार नव्हतो, पण आता म्हटले.

काकूंनी पुण्याहून तिचा फोटो मागवला. पाठवला. पोते तेच आहे, हे त्यांनी लगेच ओळखले.

सध्या माझ्या पडवीत आणखी एक आहे. नर, तांबूस, नऊ-दहा वर्षांचा, मालक वारले आणि घरच्यांना नको झाला. शस्त्रक्रिया झालेली आहे, लसी झाल्या आहेत. समोरचे तीन दात नाहीत, तेव्हा भात मऊ लागतो. बायकांशी पटकन जमते, काठी हातात असलेल्या पुरुषाला घाबरतो, त्यामागे काहीतरी असेल, मला माहीत नाही. ज्यांच्या फाटकाला कडी लागते आणि ज्यांच्या घरी दुपारी माणूस असते त्यांनी तुळशीचे लग्न झाल्यावर, फटाके संपल्यावर, येऊन बघून जावे. दोनतीनदा यावे लागेल. येताना त्याच्या डाव्या बाजूने या, उजव्या डोळ्याने त्याला दिसत नाही.